आईला कुणी परीक्षा घातली नव्हती

मी सासरी नांदायला चाललोय. कोल्हापुरात आमच्या पेठेत पहिल्यांदा हे बोललो तेव्हा लोकांना वाटलं चेष्टा करतोय, पण मी खरंच सांगत होतो. बायको जर्मनीची, श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावातली, तिचे वडील एकटे असतात आणि त्यांची तब्येत बरी नसते, म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं की निदान पुढची काही वर्षं तिकडं राहायचं. कारण एवढं साधं आहे. पण कारण कुणी विचारत नाही. "म्हणजे घरजावई व्हय रं तू?" हा पहिला प्रश्न आणि "मग कवा जाणार?" हा दुसरा. पहिल्याचं मला काही वाटत नाही. बायका हजारो वर्षं हेच करत आल्यात, एखादा पुरुष गेला तर आभाळ कोसळत नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र माझ्याकडं नाही, तिच्याकडंही नाही, ते आम्हाला दोघांनाही न ओळखणाऱ्या एका ऑफिसातल्या माझ्या व्हिसाच्या फाईलमध्ये आहे.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, डिप्लोमा केलेला माणूस. ती आमच्या गिऱ्हाईक कंपनीकडनं आली होती, मशिनिंग करताना कास्टिंगमधनं ब्लो होल, म्हणजे आत अडकलेल्या हवेची भोकं, निघत होते म्हणून. आमच्याकडं परदेशी पाहुणे आले की त्यांना एसी केबिनमध्ये बसवून प्रेझेंटेशन दाखवायची पद्धत. ही बाई सेफ्टी शूज घालून सरळ मोल्डिंग लाईनवर गेली, साच्याची सँड मुठीत धरून दाबली, मूठ उघडून तो लाडू मधनं मोडून बघितला आणि म्हणाली ओलावा जास्त आहे. आमचे मिस्त्री तीस वर्षं असंच बघतात. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. पुढचं इथं लिहीत नाही, ते आमचं आहे.

लग्न कोल्हापुरातच केलं, 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली. म्हणजे आधी नोटीस द्यायची, ती ऑफिसच्या बोर्डावर 30 दिवस लावतात, कुणाची हरकत असेल तर घ्या म्हणून, आणि नंतर तीन साक्षीदारांसमोर सह्या. दोघांपैकी एकजण तरी आधीचे 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला पाहिजे, ते माझ्यामुळं जमलं. तिनं तिच्या गावच्या नोंदणी कार्यालयातनं लग्नाला अडचण नसल्याचा दाखला आणला. ज्या गावात शाहू महाराजांनी शंभर वर्षांमागं आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्नांना कायद्याची मान्यता दिली त्या गावात आपलं असं लग्न होतंय याचा मला अभिमान वाटला, आणि बोर्डावर आपली नावं टाचलेली बघून वाईटही वाटलं. ज्यांच्या घरी विरोध असतो त्यांच्यासाठी तो कागद किती धोक्याचा असेल हे तिथं उभं राहिल्यावर कळतं. आमच्या घरी विरोध नव्हता. वडील गेल्यापासनं घरात आईचाच शब्द चालतो, आणि आई एवढंच म्हणाली की पोरगी ताटात टाकत नाही काही, चांगली आहे.

लग्नाचं सर्टिफिकेट मिळालं की झालं असं मला वाटायचं. खरं काम तिथनं पुढं सुरू होतं.

भारत 2005 साली अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला, म्हणजे आपल्या कागदावर एक शिक्का मारला की करारातल्या बाकीच्या देशांनी तो कागद खरा धरायचा. पण जर्मनीनं भारताच्या बाबतीत हरकत घेतलीय. त्यामुळं आपला जन्मदाखला, लग्नाचा दाखला तिथं नुसत्या शिक्क्यावर चालत नाही, गरज वाटली तर त्यांची वकिलात आपल्या विश्वासातल्या वकिलाकडनं तपास करून घेते. कागद ज्या ऑफिसनं दिला तिथं जाऊन रजिस्टर बघतात, कधी घरी येतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतात. आपल्याकडं खोटे दाखले मिळतात हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण खरे कागद असलेल्या माणसालाही त्यामुळं महिनोन् महिने थांबावं लागतं.

आता माझा जन्मदाखला. आई मूळची गोकाकची. पहिलं बाळंतपण माहेरी, तसा मी गोकाकला जन्मलो, आणि माझा दाखला कर्नाटक सरकारचा. त्यात आईचं नाव माहेरचं आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं जे नाव, ज्या नावानं तिला आमची अख्खी गल्ली गेली चाळीस वर्षं ओळखते, आधारवर आहे, रेशनकार्डावर आहे, माझ्या पासपोर्टवर आईच्या रकान्यात आहे, ते नाव वेगळं. म्हणजे कागदावर बघायला गेलं तर मला जन्म देणारी बाई एक आणि पासपोर्टातली आई दुसरी.

मग दोघं गोकाकला गेलो. निपाणीच्या पुढं गेलं की आई खिडकीतनं बाहेर बघत गप्प होते, हे लहानपणापासनं बघितलंय. तिथल्या ऑफिसात मी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सांगायचा प्रयत्न करत होतो, कारकून बिचारा ऐकत होता पण काम पुढं सरकत नव्हतं, आणि मग आईनं मला हातानं मागं सारलं आणि कन्नडमध्ये बोलायला लागली. मी आईला माहेरच्या माणसांशी कन्नड बोलताना ऐकलंय, पण एका ऑफिसात, खिडकीवर कोपर टेकून, कुणालाही न बिचकता बोलताना पहिल्यांदा बघितलं. कोल्हापुरात ती बँकेतसुद्धा माझ्या मागं उभी राहते. इथं ती कुणाची मुलगी, घर कुठल्या ओळीत, शाळा कुठली, दवाखाना कुठला सगळं सांगत होती, आणि कारकुनानं जुनं मोठं रजिस्टर काढून तिच्यासमोर ठेवलं. पिवळं पडलेलं पान, निळ्या शाईतली कन्नड अक्षरं, आणि एका ओळीत तिचं नाव. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथनं उचललं नाही. मी म्हणलं, आई, ॲफिडेव्हिट करावं लागणार, की ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. ती म्हणाली, "दोन्ही मीच की रं. मला कुणी इचारलंच न्हाई कधी."

ते ॲफिडेव्हिट झालं, नोटरी झाली, शिक्के बसले. पण त्या दिवसापासनं या सगळ्या व्हिसाच्या प्रकरणाकडं मी आईच्या बाजूनं बघायला लागलो.

कारण पुढची पायरी होती भाषेची. जर्मन नागरिकाशी लग्न केलेल्या भारतीय माणसाला तिकडं राहायला जायचं तर साधारणपणे निघायच्या आधीच जर्मनची ए-वन, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीची, परीक्षा पास व्हावी लागते. हा नियम 2007 साली आला. कारण सांगितलं ते असं की जबरदस्तीची लग्नं थांबावीत, परदेशातनं आणलेल्या मुली घरात कोंडल्या जाऊ नयेत, आणि आल्या आल्या माणसाला चार शब्द बोलता यावेत. हेतू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. अशा मुली असतात, आणि त्यांना दवाखान्यात, पोलिसात स्वतःचं स्वतः बोलता आलं पाहिजे हे कुणीही मान्य करेल.

पण मग हे बघा. पुण्यातला एखादा इंजिनिअर ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, जर्मनीला नोकरीला गेला तर त्याच्या बायकोला ही परीक्षा नाही. अमेरिकन, जपानी, ऑस्ट्रेलियन नवऱ्याला किंवा बायकोला नाही. जर्मनीत राहणाऱ्या एखाद्या फ्रेंच बाईशी मी लग्न केलं असतं तर मलाही नसती, कारण तिला युरोपचा कायदा लागू होतो. मी जर्मनीच्याच नागरिकाशी लग्न केलंय म्हणून मला आहे. माझ्या बायकोला हे पटेचना, तिनं तिच्या देशाचा कायदा स्वतः काढून वाचला आणि दोन दिवस ती नीट बोलत नव्हती, माझ्याशी नाही, एकूणच. तिला वाईट याचं वाटलं की तिच्या देशात तिच्या शेजारी राहणाऱ्या परदेशी माणसाचा नवरा सहज येऊ शकतो आणि तिचा नाही. 2012 साली तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं हे थोडं सैल केलं, की जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला वर्षभर प्रयत्न करूनही भाषा जमली नाही, किंवा शिकणं त्याच्या परिस्थितीत शक्यच नसेल, तर त्याला अडवून ठेवता येणार नाही. म्हणजे त्यांच्याच न्यायाधीशांनाही कुठंतरी हे खुपलं. पण वर्षभर! लग्न झालेल्या दोन माणसांनी एक वर्ष वेगळं राहून मग सिद्ध करायचं की जमत नाही.

मी शिकलो. शिफ्ट संपली की राजारामपुरीत क्लास, रात्री तिच्याबरोबर व्हिडिओ कॉलवर उजळणी. 2024 साली आपल्या राज्य सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्गशी, म्हणजे माझ्या सासरच्याच राज्याशी, कुशल कामगार पाठवायचा करार केला, तेव्हापासनं जर्मन शिकणारी पोरं क्लासात बरीच दिसायला लागलीत, नर्सिंग झालेल्या, आयटीआय झालेले. मला भाषा आवडली हे मनापासनं सांगतो. आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत, आणि पोटवाक्यात क्रियापद मराठीसारखं शेवटाला जाऊन बसतं, तिथं इंग्रजीतनं शिकणाऱ्यांची दमछाक होते आणि मराठी माणसाला ते घरचं वाटतं. परीक्षा पुण्याला मॅक्स म्युलर भवनात. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, 100 पैकी 60 पाहिजेत. बोलण्यात आधी स्वतःची ओळख करून द्यायची, नाव, वय, देश, गाव, भाषा, काम, छंद, मग एखाद्या शब्दाचं स्पेलिंग आणि एखादा नंबर. भाषा कुठल्या येतात याला मी मराठी, हिंदी, थोडी इंग्रजी असं सांगितलं. आणि मग थांबून, आईची म्हणून, कन्नड पण, असं सांगितलं. खरं तर मला कन्नड समजते, बोलता येत नाही. पण त्या वेळी ते सोडून पुढं जाववेना.

कारण आई आमच्या घरात आली तेव्हा तिला मराठीचं एक वाक्य धड येत नव्हतं. गोकाकसारख्या गावातली, घरात कन्नड, शाळा कन्नड, आणि येऊन पडली ती थेट शिवाजी पेठेत, जिथं माणसं साधं बोलली तरी भांडल्यासारखी वाटतात. आजी तिला वस्तू उचलून दाखवायची. ही परात, हे उलथनं, हा पाटा, हा वरवंटा. नळावर शेजारच्या काकू तिला वाक्यं शिकवायच्या, आणि त्यातली निम्मी वाक्यं भांडणाची असायची कारण नळावर तीच लागायची. पहिलं वर्षभर ती मान हलवून काम चालवायची. तिला पहिल्यांदा मराठीत तोंड फुटलं ते भाजीवाल्याशी, त्यानं वजनात मारलं म्हणून, ही गोष्ट आजी मरेपर्यंत कौतुकानं सांगायची. आज आई अशी कोल्हापुरी बोलते की बाहेरच्या माणसाला पत्ता लागणार नाही, "मी येतो", "मी सांगितलो" असं, इथल्या बायका बोलतात तसं.

आता तिला आमच्या घरानं आधी सांगितलं असतं, की तू गोकाकमध्येच थांब, मराठीची परीक्षा दे, 60 मार्क पाडून दाखव, मग नांदायला ये, तर? तिला तिथं मराठी शिकवायला कोण होतं? नळ नव्हता, शेजारच्या काकू नव्हत्या, भाजीवाला नव्हता, आजी नव्हती. भाषा त्या माणसांमधनं आली, आणि ती माणसं उंबऱ्याच्या आत होती. ए-वनमधनं मी स्टेशनवर तिकीट मागू शकतो, डॉक्टरची वेळ घेऊ शकतो, पण सासरे तिकडच्या बोलीत दोन वाक्यं बोलले की मला काही कळत नाही, आणि ती बोली पुण्यात कुठंच शिकायला मिळणार नाही, ती त्यांच्या स्वयंपाकघरात बसूनच येणार. शिकायला माझी ना नाही. तिथं गेल्यावर इंटिग्रेशन कोर्स असतो, नेहमीच्या कोर्सात 600 तास भाषेचे आणि 100 तास त्या देशाचा कायदा, इतिहास, समाज यांचे. तो मी करणार, पुढं कायमच्या परवान्यासाठी ए-वनच्या दोन पायऱ्या वरची बी-वन लागते, तीही देणार. माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे. आधी बायकोजवळ जाऊ द्या, मग हवी ती परीक्षा घ्या.

आणि आईचं सगळं छान झालं असंही मी म्हणणार नाही. तिला परीक्षा घातली नाही, पण तिची भाषाही कुणी शिकलं नाही. आजी गेली, वडील गेले, दोघांनाही शेवटपर्यंत कन्नडचे चार शब्द आले नाहीत, मला सुद्धा बोलता येत नाही, आणि मी तिच्या पोटचा. तिचं नाव बदललं तेव्हा तिला विचारलं नाही. माहेर पंचमीला आणि दिवाळीला, तेही कुणीतरी न्यायला आलं तर. माझ्या बाजूला निदान कायदा आहे. लग्न टिकून असेल तर पहिला परवाना साधारण तीन वर्षांचा मिळतो, त्यात कुठलीही नोकरी करता येते, तीन वर्षं तिथं संसार झाला की पुढं काही बिनसलं तरी राहायचा स्वतंत्र हक्क मिळतो. आईला चाळीस वर्षांमागं असं काय होतं? काही नव्हतं. ती आमच्या माणसांच्या भल्या-बुऱ्यावर होती. सुदैवानं माणसं बरी निघाली.

मधे तपासाला माणूस येऊन गेला. आमच्या गल्लीत आधी किराणा दुकानात विचारलं, मग तालमीसमोर, मग घरी. आपल्याकडं स्थळाची चौकशी करायला मुलीकडची माणसं गुपचूप येतात तसंच होतं ते, फक्त इथं मुलीकडची माणसं म्हणजे एक अख्खा देश. दुकानदारानं त्याला चहा पाजला आणि माझ्या आजोबांपासनं सगळं सांगितलं, पोरगा निर्व्यसनी आहे हे न विचारता सांगितलं. मला गल्लीचं प्रेम त्या दिवशी फार जाणवलं. लग्न खरं आहे का हे कुणी परक्यानं येऊन विचारावं याचा रागही आला, पण ज्यांना विचारलं त्यांनी ज्या तऱ्हेनं सांगितलं त्यानं तो राग बराच उतरला.

आता फाईल तिकडं आहे, बायकोच्या जिल्ह्याच्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात. व्हिसा देते वकिलात, पण मी जिथं राहणार तिथल्या ऑफिसची संमती आल्याशिवाय देत नाही, आणि वेळ जातो तो मुख्यतः तिथं. रात्री ती कामावरनं आली की आमच्याकडं जेवणं झालेली असतात, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, थंडीत साडेचार. आई मधे येऊन बसते. बायको आता आईकडनं मराठी शिकते, पुस्तकातनं नाही, त्यामुळं कॉल ठेवताना "आई, मी येतो" म्हणते आणि आईला त्याचं इतकं बरं वाटतं की ती ते शेजारी जाऊन सांगते. बायकोला कुणी 60 मार्कांची अट घातलेली नाही.

मला जी गोष्ट झोपू देत नाही ती वेगळीच आहे. मी नवरा म्हणून जाऊ शकतो, पण आईला कायमचं तिकडं नेता येत नाही. माझ्यासारख्या, नवरा म्हणून गेलेल्या सज्ञान मुलाच्या आईवडिलांना तिथं राहायचा परवाना अगदीच अपवादात्मक, फार मोठ्या अडचणीच्या प्रसंगी मिळतो. नाहीतर पाहुण्यांचा शेंगेन व्हिसा, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. म्हणजे सासऱ्यांना एकटं ठेवायचं नाही म्हणून मी निघालोय आणि त्यासाठी आईला एकटं ठेवतोय. बहीण इचलकरंजीत आहे, जवळ आहे, तिनं सगळं अंगावर घेतलंय, तरी हे गणित मला सुटत नाही. बायकोलाही सुटत नाही. आम्ही ठरवलंय की काही वर्षांनी दोघांनी मिळून इकडं यायचं, त्या वेळी कागद तिचे असतील आणि खिडकीसमोर ती उभी असेल.

हे 90 दिवसांचं मी आईला परवा सांगितलं. तिनं पहिलं हेच विचारलं की मला पण ती परीक्षा द्यावी लागणार का. म्हणलं, नाही, पाहुण्यांना नसते. मग कधी यायचं याचा ती विचार करायला लागली. मे महिना नको म्हणाली, लोणच्याचं काम असतं, आणि पंचमीला गोकाकला जायचंय, या वेळी कुणी न्यायला आलं नाही तरी एकटी जाणार आहे. त्यानंतर कधीही चालेल, पण तिकीट काढताना नाव नीट बघून घाल म्हणाली.